स्वीटकॉर्नमधले टणक दाणे आणि बांधावरची मकचरी: एका एकराची केस

दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील, सकाळी सातला दादाचा फोन. "बियाणं बोगस निघालं रे, माल परत पाठवला." दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, उरुळी कांचनच्या पुढे त्याची पावणेचार एकर जमीन आहे, त्यात दोन ठिकाणी अर्धा-अर्धा एकर स्वीटकॉर्न. मी राहतो पुण्यात धनकवडीत, बॉटनीत बीएस्सी केलं आणि नोकरी करतो बँकेच्या बॅक ऑफिसात, पण घरात झाडापाल्याचं काहीही झालं की फोन मलाच येतो, मग तो आत्याचा कुंडीतला मोगरा असो नाहीतर दादाचा मका. पाच महिने हे प्रकरण चाललं आणि अशी तक्रार घेऊन फिरणारे अजून चार जण तरी असतील असं वाटलं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तक्रार काय ते. माल घेणारा व्यापारी कप-कॉर्नच्या गाड्यांना दाणे पुरवतो. पहिला तोडा नेला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला की दाणे वाफवले तर मधेमधे टणक लागतात, गोड नाहीत, पिठूळ लागतात, गिऱ्हाईक कप परत देतंय. दर निम्म्यावर आणला आणि उरलेला माल नकोच म्हणाला. वहिनीने घरी उकडून बघितलं तर तेच, एका कणसात बरेचसे दाणे मस्त आणि मधेच एखादा गावठी भुट्ट्यासारखा. दादा तापला. कृषी सेवा केंद्रातून दोन पिशव्या आणलेल्या, बिल होतं, टॅग होते, त्याने तालुक्याला तक्रार निवारण समितीकडे द्यायचा अर्ज अर्धा लिहूनही ठेवलेला.

मी म्हंटलं थांब, रविवारी येतो. हडपसरच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत साडेदहा वाजले, त्यात वहिनीने आधी पोहे खायला बसवलं, म्हणजे शेतात जाईपर्यंत ऊन चढलेलं.

इथे तारखा महत्त्वाच्या आहेत म्हणून नीट सांगतो. पहिली पिशवी विहिरीजवळच्या तुकड्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरली, ती गणपतीत तोडली, एक तक्रार नाही, उलट व्यापारी अजून आहे का म्हणून विचारत होता. दुसरी पिशवी पूर्वेच्या बांधालगतच्या तुकड्यात पोळ्याच्या दिवशी पेरली. त्याच्या कणसांना दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी केस आले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडा झाला. दोन्ही पिशव्यांवर लॉट नंबर एकच. मग एक चांगली आणि एक बोगस कशी?

दादाचं उत्तर तयार होतं, "दुसऱ्या पिशवीत भेसळ केली." दुकानदारावर त्याचा राग जुना आहे, त्यात शिरत नाही.

पण भेसळ असती तर ती दिसते कशी हे बघायला पाहिजे. आपल्याकडे मिळतं ते बरंचसं सुपरस्वीट प्रकारातलं बियाणं असतं. त्यात एक जीन बिघडलेला असतो त्यामुळे दाण्यात साखरेची स्टार्च नीट बनतच नाही, साखर साखरच राहते, आणि म्हणून ते बी वाळलं की चपटं सुरकुतलेलं दिसतं, वाळलेल्या मिरचीच्या बीसारखं. साधा मका त्यात मिसळला असता तर टपोरे दाणे पेरतानाच डोळ्यात भरले असते. आणि समजा नाही भरले, तरी मग एखाद्या झाडाची सगळी कणसं बिघडलेली आणि शेजारचं झाड बऱ्यापैकी ठीक असं चित्र असतं. इथे तसं नव्हतं. इथे बांधाकडच्या प्रत्येक झाडाच्या प्रत्येक कणसात थोडे थोडे दाणे वाईट होते, विखुरलेले. हे बियाण्याचं लक्षण नाही, हे बाहेरून आलेल्या परागाचं लक्षण.

दादाला हे पटवायला मला कणीस सोलून दाखवावं लागलं. मक्याच्या कणसावर जे केस असतात ना, त्यातला प्रत्येक केस एकेका दाण्याचा आहे. केसाच्या टोकावर परागाचा कण पडतो, तिथून नळी आतपर्यंत वाढत जाते आणि मग तो दाणा भरतो. म्हणजे कणसात पाचशे दाणे असतील तर आई एकच पण बाप पाचशे वेगळे असू शकतात. आणि आपण जो दाणा चावतो त्याच्या पोटातला जो गर आहे त्यात आईचे दोन हिस्से आणि बापाचा एक हिस्सा असतो. गोडीचा जीन दबणारा आहे, त्यामुळे बापाकडून एक जरी चांगला म्हणजे स्टार्च बनवणारा जीन आला की त्या दाण्याची गोडी गेली. पुढच्या पिढीची वाट बघायची गरज नाही, त्याच वर्षी त्याच कणसात बाप दिसतो. याला झेनिया म्हणतात. दादा म्हणाला, "म्हणजे दाण्यावर बापाचं नाव लिहिलेलं असतं." बरोबर, फक्त नाव वाचता आलं पाहिजे.

तर बाप शोधायचा होता.

पहिला संशय साध्या मक्यावर. त्या पट्ट्यात गोठे भरपूर, मुरघासासाठी मका जिकडेतिकडे. दादाने सांगितलं की जवळात जवळ मका कॅनॉलच्या पलीकडे होता, पण तो दसऱ्याच्या आधीच कापून बॅगांमध्ये भरला. आमच्या तुकड्याला केस आले तेव्हा तिथे धसकटं होती. मक्याचा पराग तसा जड असतो, बराचसा पहिल्या काही दहा मीटरमध्येच खाली पडतो आणि काही तासात मरतो. बीजोत्पादनात दोनशे ते चारशे मीटर अंतर ठेवतात ते उरल्यासुरल्या परागासाठी. म्हणजे कॅनॉलपलीकडचा मका सुटला. लष्करी अळी, पाण्याचा ताण, खत कमी पडलं हे सगळंही दादाने एकेक करून सुचवलं, पण त्याने दाणे भरत नाहीत किंवा कणीस बारीक राहतं, गोड दाण्यांच्या मधोमध पिठूळ दाणे येत नाहीत.

मग मी एक काम केलं जे खरंतर व्यापाऱ्याने माल परत केला त्याच दिवशी करायला हवं होतं. पूर्वेच्या बांधापासून पश्चिमेपर्यंत ओळी मोजत गेलो आणि दर काही ओळींनी पाच-पाच कणसं सोलून टणक दाणे मोजले. नखाने दाबलं की कळतात, गोड दाणा फुटून पाणी उडतं, हा नुसता दबतो. बांधालगतच्या पहिल्या चार ओळीत कणसाला साठ-सत्तर. मधल्या ओळीत दहा-बारा. पश्चिमेच्या टोकाला दोन-तीन, काही कणसात एकही नाही. म्हणजे जो कोणी आहे तो पूर्वेला आहे आणि अगदी जवळ आहे.

मी पूर्वेच्या बांधावरच उभा होतो. आणि माझ्या पाठीमागे दहा फूट उंच हिरवं काहीतरी सळसळत होतं ज्याच्या बाजूने मी सकाळपासून दोनदा गेलो होतो.

"हे काय आहे रे दादा?"

"ते शेजारच्या तात्यांचं. वैरण आहे. मकचरी."

बॉटनीची पदवी घेतलेल्या माणसाने डोक्याला हात लावायचा हा क्षण होता. मकचरी म्हणजे टिओसिंटी, मक्याचा रानटी सख्खा नातेवाईक. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं गवत, आपल्याकडे चाऱ्यासाठी लावतात. फुटवे भरपूर, कापलं की पुन्हा फुटतं. एका बुडख्यातून दहा-पंधरा ताटं आलेली होती, पानं मक्यासारखीच पण अरुंद, लांबून बघितलं तर कोणी मका म्हणणार नाही, गवतच म्हणेल. पण वर बघितलं तर तुरा, ज्यातून पराग झडतो तो. अगदी मक्याचा तुरा, एकेका ताटावर, एकेका फांदीवर. तोपर्यंत वाळून गेले होते पण होते. आणि पानांच्या बगलेत बोटाच्या दोन पेरांएवढी बारीक कणसं, त्यात एकामागे एक आठ-दहा त्रिकोणी दाणे, करड्या रंगाचे, दगडासारखे टणक. मी एक कणीस चुरगाळलं तर त्याचे तुकडे होऊन दाणे सुटे झाले. दादाने एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकून टाकला.

आता प्रश्न असा येतो की हे गवत इतकं वेगळं दिसतं तर मक्याला फळवणार कसं. यावर शास्त्रज्ञच पन्नास-साठ वर्षं भांडले आहेत त्यामुळे दादाला शंका आली यात नवल नाही. जॉर्ज बीडल नावाचा अमेरिकन माणूस, त्याने 1930 च्या दशकात मका आणि टिओसिंटीचे संकर करून बघितले आणि 1939 मध्ये मांडलं की मका थेट याच गवतातून आलाय. त्याच काळात पॉल मँगल्सडॉर्फ म्हणत होता की नाही, मक्याचा रानटी पूर्वज वेगळाच होता आणि तो नष्ट झाला, टिओसिंटी तर मका आणि ट्रिप्सॅकम नावाच्या गवताच्या संकरातून झालं. बरीच वर्षं मँगल्सडॉर्फचंच चाललं. बीडल मधल्या काळात बुरशीवर काम करायला गेला, 1958 मध्ये त्याला त्यावर नोबेल मिळालं, विद्यापीठाचा प्रमुख झाला, आणि रिटायर झाल्यावर परत मक्याच्या शेतात आला. मला हा माणूस त्यासाठी फार आवडतो. त्याने मका आणि टिओसिंटीच्या संकराची दुसऱ्या पिढीची 50,000 झाडं लावून तपासली आणि साधारण दर 500 झाडात एखादं मक्यासारखं आणि एखादं टिओसिंटीसारखं निघालं. हिशोब केला तर मोठे फरक चार-पाच जीनचेच असावेत असा अंदाज निघतो.

पुढे जॉन डोबली नावाच्या शास्त्रज्ञाने आणि इतरांनी त्यातले काही जीन हातात पकडून दाखवले. एक जीन फांद्या फुटणं दाबून ठेवतो, मक्यात तो जास्त जोरात चालतो म्हणून मका एक ताट घेऊन सरळ उभा राहतो आणि मकचरी झुडूप होते. दुसरा जीन दाण्याभोवतीच्या कवचाचा, मक्यात तो बदलला आणि दाणा उघडा पडला, म्हणून आपल्याला तो खाता येतो. 2002 च्या डीएनए अभ्यासाने दाखवलं की सगळा मका दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या टिओसिंटीपासून एकदाच, सुमारे 9000 वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. वर 2023 च्या एका अभ्यासात असं आलं की आजच्या मक्यातला पाचवा हिस्सा तिथल्या डोंगराळ भागातल्या दुसऱ्या टिओसिंटीकडून आलाय. म्हणजे दादाच्या बांधावर जे झालं ते मेक्सिकोत हजारो वर्षं चालूच आहे, फक्त तिथे कप-कॉर्नचा व्यापारी नव्हता.

थोडक्यात दिसायला गवत पण हिशोबाने एकच जात. दोघांचे क्रोमोसोम 20. पराग पडला तर दाणा धरणार.

संध्याकाळी तात्यांकडे गेलो. तात्या सत्तरीचे, चार गाई, गावात शब्दाला वजन. मी शक्य तितकं आडून आडून सांगितलं तरी त्यांनी सरळ विचारलं, "म्हणजे माझ्या गवतानं ह्याचा मका बाटवला म्हणतोस?" मी म्हंटलं तात्या तसं नाही, तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत, पण मकचरी दरवर्षीच असते ना मग याच वर्षी असं का झालं हे मला तुम्हालाच विचारायचंय. तेव्हा मग ते जरा सैल झाले. मकचरी ते तीन वर्षं लावतायत, मेव्हण्याने बी आणून दिलेलं. जूनमध्ये पेरतात, दोन-तीन कापण्या घेतात, तुरा यायच्या आतच कापतात कारण तुरा आला की ताट कडक होतं, गाई खात नाहीत. यंदा गणपतीच्या सुमारास दोन गाई विकल्या. वैरण उरली. बांधालगतचा दोन गुंठ्याचा पट्टा तसाच उभा राहिला.

इथे कोडं सुटलं, पण अजून एक गोष्ट राहते जी मला सगळ्यात भारी वाटली. जूनमध्ये पेरलेल्या मकचरीला जर इतके दिवस होते तर ती ऑगस्टमध्येच का नाही तुऱ्यावर आली? कारण ही दिवस मोजणारी आहे. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय ती फुलत नाही. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेबारा तास. तोपर्यंत ती नुसती वाढत राहते, फुटवे काढत राहते, चाऱ्याला बरं तेच. आपला सुधारित मका मात्र दिवसाकडे फार बघत नाही, पन्नास-पंचावन्न दिवस झाले की तुरा काढतो. त्यामुळे जूनच्या तुकड्याला केस आले तेव्हा मकचरी कोवळी होती, काही संबंध आला नाही. पोळ्याच्या तुकड्याला केस आले ते नेमके मकचरीच्या तुऱ्याच्या दिवसात. वर वारा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, तेव्हा पराग असता तरी तात्यांच्याच शेतात गेला असता. पाऊस परतला की वारा फिरतो, पूर्वेकडून यायला लागतो. तिन्ही गोष्टी एका आठवड्यात जुळल्या. यातली एक चुकली असती तरी दादा पुढच्या वर्षीही पोळ्याला पेरून खूश राहिला असता.

तात्यांनी उलटा प्रश्न विचारला आणि तो चांगला होता, "मग ह्याच्या मक्यानं माझी मकचरी नाही का बिघडली?" बहुतेक नाही. बऱ्याच टिओसिंटींच्या केसात एक अडथळा असतो, मक्याचा पराग पडला तरी त्याची नळी वाटेतच अडते, स्वतःच्या परागाला मात्र रस्ता मिळतो. मक्याला बहुतेक करून असा काही अडथळा नाही, जो येईल त्याला घरात घेतो. रानात टिकून राहिलेल्याने दार लावायला शिकलेलं असतं. तात्या म्हणाले, "गवत शहाणं म्हणायचं."

हे सगळं मी छाती ठोकून सांगत होतो खरं, पण माझ्याकडे तोपर्यंत पुरावा काय होता? ओळींची मोजणी आणि तारखा. दादा अजून अर्धा दुकानदाराच्याच मागे होता. आणि खरं सांगायचं तर मलाही थोडी धाकधूक होती, कारण पूर्वेला तात्यांच्या पलीकडे अजून कोणाचा दोन-चार झाडं मका घराजवळ उभा असेल तर? परसात लोक लावतात.

म्हणून बांधाकडची वीस कणसं घेऊन धनकवडीला आलो. आधी एक फालतू प्रयोग केला, दाणे कापून त्यावर टिंचर आयोडीन टाकलं, स्टार्च असेल ते काळं पडेल म्हणून. सगळेच काळे पडले. गोड दाण्यातही थोडा स्टार्च असतोच, कोणी या भानगडीत पडू नका. मग सरळ कणसं गच्चीत वाळत घातली. पंधरा दिवसात चित्र इतकं स्पष्ट झालं की लहान पोरालाही दाखवलं तरी कळेल. गोड दाणे आक्रसून चपटे सुरकुतलेले झाले आणि मधेमधे टणक दाणे टपोरेच्या टपोरे, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात चार दात राहिलेत तसे. बियाण्यावर शंका असलेल्या कोणालाही मी हेच सांगेन की अर्ज लिहायच्या आधी कणीस वाळवा.

पण वाळवून एवढंच कळतं की बाप बाहेरचा आहे. मका की मकचरी हे कळायला ते दाणे पेरावे लागतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून गच्चीत मांडल्या. टपोरे दाणे 24, त्याच कणसातले सुरकुतलेले 6, तात्यांची मकचरी 6, आणि मंडईतून आणलेल्या गावठी मक्याचे 6. सोसायटीच्या चेअरमनना वाटलं मी काहीतरी भलतंच लावतोय, त्यांना एकदा वर आणून दाखवलं, तरी जाताना दोनदा वळून बघितलं त्यांनी. थंडीत उगवायला वेळ लागला, मकचरीचं कवच जाड म्हणून ती सगळ्यात शेवटी उगवली. टपोऱ्यांपैकी 22 उगवले.

महिनाभर काहीच फरक दिसेना. सगळी मक्याची रोपं. मला वाटलं झालं, आपली थिअरी बाराच्या भावात. जानेवारीच्या शेवटी फुटवे सुरू झाले. गावठी मका आणि सुरकुतलेल्या दाण्यांची झाडं एकेक ताट घेऊन उभी, आणि टपोऱ्यांपैकी 19 झाडांना बुडातून तीन-तीन चार-चार फुटवे. फेब्रुवारी अखेरीला तुरे आले तेव्हा प्रत्येक फुटव्याच्या बगलेत बारीक कणसं दिसायला लागली, एका झाडाला सात-आठ. बोटाएवढं कणीस, दोन किंवा चार ओळी, दाणा अर्धा कवचात आणि अर्धा बाहेर डोकावणारा. मका पण नाही आणि मकचरी पण नाही. मी गच्चीत उकिडवा बसून ते बघत होतो आणि खाली बायको हाका मारत होती की ऑफिसला जायचंय ना. उरलेली 3 झाडं मक्यासारखीच निघाली, म्हणजे कुठूनतरी कोणाचातरी मका पण होता, माझी परसातली शंका अगदीच खोटी नव्हती. पण 22 त 19.

आणि गंमत म्हणजे तात्यांची मकचरी. शेतात दहा फूट झालेली ती बाई माझ्या बादलीत कमरेएवढीच राहिली आणि तुऱ्यावर आली. बादली लहान हे एक कारण, पण मुख्य म्हणजे डिसेंबरात दिवस अकरा तासांचाच, वाढायला सवडच मिळाली नाही, उगवली तशी फुलायच्या घाईला लागली.

दादाला व्हिडिओ पाठवले, मग तो स्वतः आला बघायला. बराच वेळ त्या बोटाएवढ्या कणसाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग आता टेकडीवरच्या गवतानेही होईल का असं?" ही भीती त्याची रास्त आहे पण तसं होत नाही. मक्याचं गोत मोठं आहे. वेताळ टेकडीवर, तळजाईवर पायमोज्यात घुसतं ते कुसळी गवत, बांधावरचं मारवेल, गवती चहा, ऊस, ज्वारी, सगळी मक्याच्याच कुळातली. पण लांबची. ज्वारी आणि मका यांच्या वाटा वेगळ्या होऊन सव्वा कोटी वर्षांच्या आसपास काळ लोटलाय, शेजारी ज्वारी असली तरी मक्याला काही होत नाही. ओढ्याकाठी कसई उगवते, जिच्या टणक बियांच्या माळा करतात, ती दिसायला मक्याच्या बरीच जवळची, तीही शेतात आपोआप मक्याला फळवत नाही. आपल्या पश्चिम घाटातच सापडणारं ट्रायलोबॅकनी कुकी नावाचं एक गवत आहे, त्याला एकेकाळी जुने वनस्पतीतज्ज्ञ मक्याच्या जवळच्या गटात धरायचे. त्याच्या नावातला कुक म्हणजे थिओडोर कुक, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे म्हणजे आत्ताच्या सीओईपी या इंजिनिअरिंग विद्यापीठाचे प्रिन्सिपॉल, त्यांनी मुंबई इलाख्याच्या झाडाझुडपांची मोठी फ्लोरा, म्हणजे वर्णनासकट यादी, 1901 ते 1908 मध्ये काढली. शिवाजीनगरहून जाताना त्या दगडी इमारतीकडे बघून मला दरवेळी हे आठवतं, आणि दरवेळी सोबतच्याला सांगायचा मोह होतो. दादालाही सांगितलं, त्याने जांभई दिली.

धोका आहे तो मकचरीचाच, आणि तोही दुसऱ्या बाजूने. तिचे दाणे पिकले की गळून पडतात, कवचामुळे जमिनीत टिकतात. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या पट्ट्यात मक्याच्या शेतात टिओसिंटी तण म्हणून घुसलीये, 2014 च्या सुमारास तिथे मोठा गाजावाजा झाला, रोप असताना मक्यातून ओळखू येत नाही आणि मक्याला न मारणारं तणनाशक तिलाही मारत नाही. दादाच्या शेतात टाकलेली खराब कणसं बरीच गाईंनी खाल्ली, पण जे दाणे पडले त्यातले काही पाण्याच्या पाळीबरोबर उगवून आलेले मी स्वतः बघितले. त्याला सांगितलंय की मक्याच्या ओळीबाहेर मका दिसला आणि बुडातून फुटवे काढतोय असं वाटलं की तुऱ्याच्या आत उपट.

तडजोड अशी झाली. अर्ज फाडला. दुकानदाराला याचा पत्ताही नाही, तो अजून दादाला बघितलं की दुसरीकडे बघतो. तात्या मकचरी दसऱ्याच्या आधी साफ कापणार, गाई असोत वा नसोत. दादा पावसाळी स्वीटकॉर्न जुलैच्या मध्याच्या आत पेरणार म्हणजे केस सप्टेंबरच्या सुरुवातीलाच येऊन जातील, आणि दुसरी पेरणी पोळ्याऐवजी जानेवारीत. नुकसानभरपाईचं कोणी बोललं नाही, पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी तात्यांकडून एक ट्रॉली शेणखत आपोआप दादाच्या बांधावर येऊन पडलं.

मागच्या आठवड्यात तात्या डोळ्याच्या तपासणीला पुण्यात आले होते, माझ्याकडे चहाला थांबले. गच्चीत नेऊन ती 19 झाडं दाखवली. त्यांनी एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला, ताट वाकवून बघितलं, बगलेतलं कणीस सोलून त्यातले अर्धवट उघडे दाणे तळहातावर घेतले. "ताट मऊ आहे मकचरीपेक्षा," म्हणाले, "आणि दाणाबी हाय. गाईला लई चालंल. ह्याचं बी दे की मला थोडं." मी नाही म्हणू शकलो नाही. पाव किलोसुद्धा नसेल, एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात भरून ठेवलंय, पुढच्या रविवारी न्यायचंय. दादाला अजून सांगितलेलं नाही.